वाढे, गाय आणि डब्यातली पूड



ऊस विकास अधिकाऱ्याने गाईबद्दल लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमचे काम लागण, बेणे, खत, नोंद आणि तोडणीचे. पण हंगामात आम्ही रोज आपल्या वस्तीवर येतो. फड बघतो तसा गोठाही नजरेस पडतो. उसाच्या बिलाचे हप्ते वर्षात मोजके येतात, घरखर्च मात्र दर दहा दिवसांच्या दूधबिलावर चालतो, हे आम्हांला ठाऊक आहे. शिवाय गाय खाते ते आपल्याच उसाचे वाढे. म्हणून हा विषय आमच्याही कक्षेत येतो.

लिहिण्याचे कारण घडले ते मागील हंगामात. जानेवारीच्या थंडीत एका सभासदाच्या फडावर तोड चालू होती. चिटबॉयने निरोप आणला की मालक आज फडावर येणार नाहीत, गाय पडली आहे. आम्ही गोठ्यात गेलो. चांगली संकरित गाय, चौथे वेत, आदल्या दिवशी व्यालेली. मान पोटाकडे वळवून बसलेली, कान थंडगार, डोळे सुस्त. डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. दुपारी गाय गेली.

गोठ्याच्या कोनाड्यात आम्ही सात डबे व बाटल्या मोजल्या. कुणी सांगितले म्हणून यीस्ट, कुणी सांगितले म्हणून लिव्हर टॉनिक, दूध वाढवायची पूड, कॅल्शियमचे औषध. गव्हाणीत मात्र नुसते वाढे. घरातल्या बाईंनी आम्हांला एकच विचारले, "साहेब, आम्ही काय कमी केलं?" त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. पुढे पशुवैद्यकीय डॉक्टरांशी बोललो, पुस्तके पाहिली, दहा-पंधरा गोठ्यांत वह्या ठेवून बघितले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

वाढ्यात काय आहे आणि काय नाही

वाढे वाईट नाहीत. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात छावण्यांतली जनावरे ऊस आणि वाढ्यांच्या आधारावर जगली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पण जगणे वेगळे आणि दूध देणे वेगळे.

दहा लिटर दूध देणाऱ्या गाईचा हिशेब करू. तिला दिवसाला ३० किलो वाढे टाकले, तर पाणी वजा जाता ८ ते ९ किलो कोरडा चारा तिच्या पोटात जातो. त्यात प्रथिने शेकडा ५ ते ६, म्हणजे सारी मिळून अर्धा किलोच्या आसपास. अशा गाईची रोजची गरज सव्वा किलोच्या वर आहे. तिच्या दहा लिटर दुधातूनच तीनशे ग्रॅमच्या वर प्रथिने बाहेर जातात. राहिलेली तूट ती कुठून भरणार? अंगातून. म्हणून मार्चपर्यंत गाय हाडकते, दूध आटते आणि माजावर यायचे नाव घेत नाही.

दुसरी तूट क्षारांची. एक लिटर दुधात सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. दहा लिटरला झाले बारा ग्रॅम. खाल्लेले कॅल्शियम सगळे अंगी लागत नाही, साधारण निम्मेच लागते. वाढ्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस मुळातच कमी. त्यात भर म्हणून वाढ्यात ऑक्झॅलेट नावाचा पदार्थ असतो. तो कॅल्शियमला धरून बसतो व दोघे मिळून शेणावाटे बाहेर पडतात. म्हणजे पगार आधीच तुटपुंजा आणि त्यातून कपातही!

चुन्याची निवळी

वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याची शिफारस जुनी आहे व ती योग्य आहे. कळीचा चुना रात्री पाण्यात भिजवावा (पाणी उसळते, लहान मुलांना दूर ठेवावे), सकाळी वरचे निवळ पाणी घेऊन कुट्टी केलेल्या वाढ्यावर शिंपडावे आणि मग चारा द्यावा. ऑक्झॅलेट त्या चुन्याशी बांधले जाते आणि गाईच्या वाट्याचे कॅल्शियम वाचते.

पण एक गैरसमज काढून टाकावा. पाण्यात चुना फार थोडा विरघळतो. लिटरभर निवळीत कॅल्शियम जेमतेम एक ग्रॅम येते आणि फॉस्फरस मुळीच येत नाही. "आम्ही निवळी मारतो, आम्हांला क्षाराची पूड कशाला?" असे म्हणणे बरोबर नाही. निवळी ही कपात थांबवते, पगार वाढवत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तोड आली की एका दिवसात गाईला कडब्यावरून वाढ्यावर आणू नये. कोठीपोटातले जिवाणू ऑक्झॅलेट पचवायला शिकतात, पण त्यांना दहा-पंधरा दिवस लागतात. वाढे हळूहळू वाढवावेत.

पहिला डबा : खनिज मिश्रण

बाजारात खाद्यात मिसळायच्या पदार्थांचे पन्नास प्रकार आहेत. त्यांतला कोणता एकच घ्यावा, असे कुणी विचारले तर आमचे उत्तर खनिज मिश्रण. दुभत्या गाईला रोज ५० ग्रॅम, जास्त दुधाच्या गाईला डॉक्टरांना विचारून १०० ग्रॅमपर्यंत, वासराला २० ते २५ ग्रॅम. चांगल्या मिश्रणात सुमारे पाचवा भाग कॅल्शियम असते, म्हणजे ५० ग्रॅमात दहा ग्रॅम मिळाले. शिवाय फॉस्फरस, जस्त, तांबे, कोबाल्ट, आयोडीन हे थोडे थोडे लागणारे पण अडवून धरणारे क्षार त्यातच येतात.

घेताना पिशवीवर भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आणि आय. एस. १६६४ हा क्रमांक पाहावा. सुटी, बिननावाची पांढरी पूड घेऊ नये. ती नुसती चुनखडीही असू शकते. याखेरीज साधे मीठ रोज ३० ग्रॅम द्यावे. मिश्रणात मीठ आधीच असेल तर तेवढे कमी करावे.

याचा गुण आठ दिवसांत दिसत नाही आणि इथेच सभासद फसतात. पूड टाकली, दूध वाढले नाही, पिशवी कोपऱ्यात. खनिज मिश्रणाचा गुण दोन-तीन महिन्यांनी दिसतो. गाय वेळेवर माजावर येते, गाभ राहते, गोठ्यातल्या चिंध्या, माती, हाडके चघळायचे सोडते. एक वेत चार महिने लांबले तर तेवढे महिने भाकड गाय पोसावी लागते. हा तोटा दूधबिलात छापून येत नाही म्हणून आपल्या ध्यानात येत नाही.

ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे त्यांनी पाच गुंठे तरी लसूणघास करावा. पाच किलो हिरव्या लसूणघासात सुमारे ५० ग्रॅम मिश्रणाइतके कॅल्शियम मिळते, वर प्रथिने मिळतात ती वेगळी. उसाच्या बांधालगत एवढी जागा निघते.

गाय का पडते

आता त्या दुर्दैवी गाईकडे येऊ. या आजाराला दुग्धज्वर म्हणतात. नाव ज्वर असले तरी अंग तापत नाही, उलट थंड पडते. रक्तात एका वेळी फिरणारे कॅल्शियम तीन ग्रॅमसुद्धा नसते. व्याल्यावर दहा लिटर चीक निघाला तर त्यातून वीस ग्रॅमच्या वर कॅल्शियम एका दिवसात बाहेर पडते. हाडांत किलोंनी साठा असतो, पण तो काढायची यंत्रणा चालू व्हायला दोन-तीन दिवस लागतात. ठेव भरपूर, पण सही करणारा रजेवर, अशी पतसंस्थेतली अवस्था!

म्हणूनच ध्यानात घ्या : व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमच्या बाटल्यांचा मारा करू नये. वरून आयते मिळत राहिले की हाडांतून काढायची सवय शरीर सोडते आणि ऐन वेळी फसते. त्या गोठ्यात हेच झाले होते. महिनाभर प्रेमाने बाटली पाजली होती. त्यात वाढ्यात पालाश म्हणजे पोटॅशियम जास्त, तेही या आजाराला मदतच करते. शेवटच्या तीन आठवड्यांत वाढे कमी करावेत, कडबा व मका वाढवावा, खनिज मिश्रण किती व कोणते द्यायचे ते डॉक्टरांना विचारावे. या काळासाठी वेगळी क्षार-मिश्रणे मिळतात, पण ती सल्ल्यानेच द्यावीत. कॅल्शियमची खरी गरज व्याल्यापासून पुढे आहे.

तिसऱ्या वेतापासून पुढच्या, जास्त दुधाच्या गाईवर व्याल्यानंतर तीन दिवस डोळा ठेवावा. कान थंड, चाल लडखडती, रवंथ बंद असे दिसताच डॉक्टरांना बोलवावे, सकाळची वाट पाहू नये. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिले की बहुतेक गाई काही वेळात उभ्या राहतात. हे इंजेक्शन घाईने दिले तर हृदय बंद पडते, तेव्हा घरच्या घरी कुणीही हा उद्योग करू नये. पडलेल्या गाईला तोंडाने औषध पाजू नये, ते फुप्फुसात उतरते.

युरिया आणि मळी : उपयोग व धोका

गाय युरियातून प्रथिने मिळवू शकते हे खरे आहे. युरियाचा कोठीपोटात अमोनिया होतो आणि तिथले जिवाणू त्यापासून आपले अंग बनवतात. ते जिवाणू पुढे पचतात, तीच गाईची प्रथिने. पण जिवाणूंना त्याच वेळी साखर किंवा पिष्ट मिळाले पाहिजे. ते मिळाले नाही, किंवा युरिया एकदम जास्त गेला, तर अमोनिया रक्तात उतरतो. गाय थरथरते, फेस गाळते, पोट फुगते आणि तास-दोन तासांत मरते.

सबब खताच्या पोत्यातला युरिया मुठीने मापून खाद्यात किंवा पाण्यात टाकू नये. त्याचे सुरक्षित मार्ग दोन आहेत. एक म्हणजे १०० किलो गव्हाच्या काडावर किंवा भाताच्या पेंढ्यावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून एकसारखा शिंपडावा, थर दाबून प्लॅस्टिकने हवाबंद झाकावे आणि २१ दिवसांनी उघडावे. रोज लागेल तेवढे काढून तासभर मोकळ्या हवेत पसरावे, मग द्यावे. दुसरा मार्ग तयार चाटण विटेचा. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८० च्या दशकात युरिया, मळी व खनिजांची चाटण वीट प्रचारात आणली. तीत निम्म्याच्या जवळपास मळीच असते. वीट कडक असल्यामुळे गाय चाटून चाटून थोडीच खाते, दिवसाला अर्धा किलोच्या आत. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला, घोड्याला ती देऊ नये. फोडून किंवा पाण्यात विरघळवून तर मुळीच देऊ नये. तसेच कच्च्या सोयाबीनच्या भरड्याबरोबर युरिया कधीही नको, कारण सोयाबीनमधला एक पदार्थ युरियाचा अमोनिया झपाट्याने करतो.

मळीबद्दल सभासद आम्हांला नेहमी विचारतात. इथे मळी म्हणजे मोलॅसिस, आपण शेतात टाकतो ती प्रेसमड नव्हे. प्रेसमड जनावराला घालू नये. मोलॅसिसमध्ये निम्मी साखरच असते, त्यामुळे ताकद मिळते आणि बेचव चारा जनावर आवडीने खाते. पण तिच्यात प्रथिने नगण्य, फॉस्फरस नाममात्र, पोटॅशियम मात्र भरपूर. जास्त झाली तर जुलाब लागतात. शिवाय मळीच्या साठ्यावर व वाहतुकीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण आहे. त्यामुळे गेटवरून डबा भरून द्या, असा आग्रह कृपया करू नये. चाटण वीट किंवा मळीयुक्त पशुखाद्य घेणे हाच सोयीचा मार्ग.

बाकीचे डबे थोडक्यात

खाण्याचा सोडा : दुधातली फॅट मुख्यतः धाग्याच्या चाऱ्यापासून येते. चारा कमी करून मक्याचा भरडा, पीठ, शिळे अन्न वाढवले की पोटात आम्लता होते, शेण पातळ होते आणि फॅट ३.५ च्या खाली उतरते. अशा वेळी खुराकातून रोज १०० ते १५० ग्रॅम सोडा दिला तर फॅट सावरते. पण खरा उपाय चारा वाढवून भरडा कमी करणे हाच. आणि सोडा खुराकात घालायचा, दुधात नव्हे! दुधात घालणे ही भेसळ आहे.

यीस्ट : हे जिवंत असेल तर कोठीपोटातल्या जिवाणूंना मदत करते. उन्हाळ्यात आणि भरपूर खुराक खाणाऱ्या गाईत थोडा गुण येतो. सहा-सात लिटरच्या, वाढ्यावरच्या गाईला आधी पेंड हवी, यीस्ट नंतर.

बायपास फॅट व बायपास प्रथिने : कोठीपोटात न विरघळता पुढे जाऊन पचतील असे केलेले हे पदार्थ. पंधरा-वीस लिटरच्या गाईला व्याल्यापासून पहिले तीन महिने पोटभर खाऊनही ताकद पुरत नाही, तिला बायपास फॅट १०० ते २०० ग्रॅम उपयोगी पडते. त्याऐवजी गोडेतेल ओतू नये, तेलाने धाग्याचे पचन अडते.

बुरशीचे विष धरणारी पूड : शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, मका ओलसर राहिला की बुरशी धरतो. तिचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष थेट दुधात उतरते. दूध उकळूनही ते जात नाही आणि तेच दूध आपली मुले पितात. २०१८ च्या राष्ट्रीय दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त आढळले. पूड थोडी मदत करते, पण बुरशीचा वास येणारी पेंड टाकून देणे हाच उपाय. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावीत.

मग रोज घालायचे तरी काय?

सुमारे ४०० किलो वजनाच्या, दहा लिटर दुधाच्या गाईसाठी :

वाढे (कुट्टी करून) – १२ किलो
हिरवा मका – ५ किलो
लसूणघास – ५ किलो
ज्वारीचा कडबा – ३ किलो
पशुखाद्य अगर पेंड-भरड्याचा खुराक – साडेचार किलो
खनिज मिश्रण – ५० ग्रॅम
मीठ – ३० ग्रॅम
पाणी – हवे तेव्हा, दिवसाला ६० लिटर तरी

खुराकाचा ठोकताळा असा : अंगासाठी एक किलोच्या आतबाहेर आणि दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅमपर्यंत. हा दोन वेळा विभागून द्यावा.

वहीचा हिशेब

नवी पूड घ्यायचीच असेल तर दुकानदाराच्या शब्दावर न जाता वही करा. पहिले दहा दिवस पूड न देता दूध, फॅट, एसएनएफ लिहा. पुढचे वीस दिवस पूड देऊन लिहा. मग दहा दिवस बंद करून लिहा. बाकी चारा-खुराक तोच ठेवा. समजा पूड दिवसाला ३० रुपयांची पडली आणि दुधाचा दर लिटरला ३० रुपये असला, तर रोज एक लिटर वाढले तेव्हा कुठे बरोबरी झाली, नफा त्यापुढे. आम्ही ज्या गोठ्यांत वही ठेवली, तिथे हे आकडे लिहिल्यावर बरेच डबे आपोआप बंद झाले. खनिज मिश्रण मात्र चालू राहिले.

तात्पर्य एवढेच की पूड ही तूट भरण्यासाठी असते. तूट कोणती हे कळल्याशिवाय घेतलेली पूड म्हणजे माती परीक्षण न करता टाकलेले खत होय. आपल्या भागात हंगामातली तूट बहुतांशी वाढ्यांनी केलेली आहे : प्रथिनांची आणि क्षारांची. आधी ती भरा, मग पुढचे बघा.

त्या माउलीने विचारले होते, काय कमी केले. कमी काहीच केले नव्हते. जे करायचे ते वेळेवर कुणी सांगितले नव्हते आणि त्यात आम्हीही आलो. गोठ्याचे काम बहुतेक घरांत भगिनीच करतात, आणि हा अंक बहुधा पुरुषांच्या हाती पडतो. तेव्हा सभासद बंधूंना विनंती की हा लेख घडी करून खिशात ठेवू नका. संध्याकाळी धारेच्या वेळी गोठ्यात मोठ्याने वाचून दाखवा. शंका असल्यास आपल्या गट ऑफिसात सांगावे. तोडणीच्या धावपळीतही आम्ही वेळ काढू.

आपला,
ऊस विकास अधिकारी